आधी अंग, मग यंत्र

१

माझं काम बोलण्याचं. विज्ञान केंद्राच्या मधल्या दालनात दिवसभर उभं राहायचं आणि येणाऱ्या शाळांना यंत्रमानवाचे भाग समजावून सांगायचे. तेच बोलणं, तेच विनोद, मुलं हसायची तीही त्याच जागी. घरी गेल्यावरही मी बोलतच असते. नवरा म्हणतो, "आता तरी आवर तो तोंडाचा पट्टा." मी म्हणते, त्या पट्ट्यावरच चाललंय आपलं अर्धं घर.

दालनाला वर काचेचं छप्पर आहे. काच जुनी, धुरकट झालेली, त्यामुळे ऊन आत येतं ते पाणी घातलेल्या दुधासारखं. दुपारी तर भिंती, मुलं, मास्तर सगळे अर्धवट झोपेत असल्यागत दिसतात. मधोमध चौथऱ्यावर आमचे सांगाडेराव उभे. हे नाव आम्हीच ठेवलेलं. आठ-नऊ वर्षांच्या पोराएवढी उंची, अंगावर पारदर्शक प्लास्टिक, आतलं सगळं उघडं. प्रत्येक भागाशी एक बारका दिवा. बटण दाबलं की तेवढा भाग हलतो आणि तिथला दिवा लागतो.

रावांच्या शेजारी तेवढाच एक रिकामा चौथरा आहे. गर्दीतलं एखादं मूल तिथं उभं करायचं. त्याचं कोपर धरून म्हणायचं, हे हाड, आणि रावांची ही लोखंडी चौकट. हा दंड, हा स्नायू, आणि रावांची ही मोटर. ह्या नसा, त्या वायरी. हे डोळे, तो कॅमेरा. बॅटरीला पुष्कळ जण हृदय म्हणतात. मी पोट म्हणते, कारण रात्री ती भरली नाही तर सकाळी राव मान टाकून उभे असतात. शेवटी गुदगुल्या. आधी मुलाला, ते खिदळतं. मग रावांना. राव ढिम्म. सगळी शाळा हसते आणि पुढच्या दालनात जाते.

हे बोलणं मला मोठ्या बाईंनी शिकवलं. माझ्याआधी हे दालन त्यांचं होतं, आता त्या घरी असतात. बाकी कशाबद्दल त्यांचा आग्रह नव्हता. विनोद बदल, शब्द बदल, म्हणायच्या. फक्त क्रम बदलायचा नाही. आधी अंग, मग यंत्र. एकदा मी उलट सुरुवात करायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मुलं गोंधळतात." आता मुलं कसली गोंधळतात? निम्मी मुलं वर छपरावरची कबुतरं बघत असतात. पण वय झालं की माणसाला एकेक खोडी जडते, असं म्हणून मी ते पाळत आले.

२

खारू माझी मुलगी. शाळेतलं नाव वेगळं आहे, पण तिला एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नाही, म्हणून खारूताई, आणि मग नुसती खारू. आठवं लागलं होतं. पायाला भिंगरी. उभी राहिली तरी एका पायावर, आणि दुसऱ्या पायाचं पाऊल पोटरीवर घासत. झोपेतही पलंगभर चक्कर मारून सकाळी पाय बापाच्या तोंडावर. "अगं, जरा स्थिर राहा," असं मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन, देव जाणे.

त्या दिवशी तिच्या शाळेला सुट्टी होती आणि बापाची बेकरीत दिवसपाळी, म्हणून तिला कामावर घेऊन गेले. नेमकं त्याच सकाळी केंद्रातल्या मेकॅनिकनं रावांच्या दिव्यांचं नवं काम पुरं केलं होतं. आता बटणं दाबायची गरज नव्हती. एकदा चालू केलं की दिवे आपोआप ओळीनं लागत जाणार, भाग आपोआप हलत जाणार. ही मागणी माझीच होती. बोलता बोलता बटणं शोधायचा मला कंटाळा आला होता.

आलेली शाळा फारच बुजरी. चौथऱ्यावर यायला कुणी तयार होईना. मास्तरांनी दोघा-तिघांना ढकललं, ती रडकुंडीला आली. शेवटी मी म्हटलं, खारू, ये गं इकडं. ती टुणकन चढली.

मी मेकॅनिकला खूण केली आणि रावांच्या कोपराचा दिवा लागला. दिवा लागल्यावर सगळ्यांचे डोळे तिकडंच जाणार, माझेही गेले. मी म्हटलं, "बघा, ही रावांची चौकट," आणि मग खारूचं कोपर धरलं, "आणि हे हिचं हाड." पुढचा दिवा लागला. ही मोटर, आणि हा हिचा दंड. ह्या वायरी, ह्या नसा. दिवे पुढं पळत होते आणि मी त्यांच्या मागं. काचेतून तो दुधट उजेड पडला होता, मोटरांची घरघर अंगाईसारखी लागत होती, आणि माझाच आवाज मला कुणीतरी दुसरं बोलतंय असा ऐकू येत होता. आपण उलट बोलतोय हे कळत होतं. थांबावंसं वाटलं नाही. छान लय लागली होती.

शेवटी रावांना गुदगुल्या केल्या. राव ढिम्म. मुलं हसली. मग खारूला केल्या.

तीही ढिम्म राहिली. मुलं आणखीच हसली, त्यांना वाटलं ही नक्कल करतेय. मलाही तसंच वाटलं. "उतर आता," म्हटल्यावर ती उतरली आणि उतरली तिथंच उभी राहिली, दोन्ही पाय जमिनीवर.

३

घरी आल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मला वाटलं, दमली असेल. जेवायला बोलावलं तर जेवली. दुसऱ्यांदा वाढलं तर तेही जेवली, तिसऱ्यांदा वाढलं तर तेही. पुरे म्हणाली नाही. मीच ताट उचललं तेव्हा तिचा हात थांबला. नवऱ्यानं नुकतेच आणलेले गरम पाव समोर ठेवले होते. एरवी त्या वासानं ती त्याच्या खांद्यावर चढायची. तिनं पावांकडे बघितलं, आणि कुणी घे म्हणेना म्हणून बघत राहिली.

"शहाणी झाली गं पोर," नवरा म्हणाला. खूश झाला होता बिचारा. दिवसभर भट्टीपुढं उभा असतो, घरी आल्यावर त्याला शांतता हवी असते.

शहाणी झाली हे पुढं सगळेच म्हणायला लागले. शेजारीण म्हणाली, तुमची खारू जिन्यात दिसत नाही हल्ली, काय वळण लावलंत हो. शाळेतल्या बाईंनी मला मुद्दाम थांबवून घेतलं. म्हणाल्या, वर्गात एवढं चांगलं बसणारं मूल मी पाहिलं नाही, बाकीच्यांना मी हिचंच उदाहरण देते. मी मान डोलावली. चांगलं बोलणाऱ्या माणसाशी भांडणार कसं?

मी स्वतःची समजूत घालत होते. मुलं बदलतात. एखादं मूल एकदम मोठं होतं, काहींचा वर्षभर आवाज निघत नाही. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर ठोकलं, जीभ बघितली. ठणठणीत आहे म्हणाले. मलाच चार प्रश्न जास्त विचारले, झोप लागते का वगैरे.

मग एकदा सकाळी मी तिला फ्रॉक घालत होते. डावा हात वर केला, बाहीत घातला. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू जायला लागलं म्हणून धावले. दूध उतरवलं, ओटा पुसला, फडकं पिळून टाकलं. परत आले तर खारू तशीच उभी होती. एक बाही घातलेली आणि हात वर, मी ठेवला होता तिथं. थरथरत नव्हता, खाली आला नव्हता. दारात नवरा उभा होता. तोही ते बघत होता. तो पुढं झाला, त्यानं दोन्ही हातांनी तिचा हात हळूच खाली घेतला आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून बसला.

"हिला काय झालंय गं?" तो मला विचारत होता. मी खारूची दुसरी बाही घातली.

४

दालनात मी रोज बोलत होते. क्रम बरोबर, आधी अंग, मग यंत्र. ते नवे दिवे बंदच ठेवायला लावले होते. शाळेची मुलं खिदळत, उतरून पळून जात. कुणाला काही झालं नाही. म्हणजे माझ्या मनात होतं ते खुळचटच होतं, नाही का? असं मी म्हणायची आणि रावांकडे बघणं टाळायची.

एकदा मेकॅनिक रावांच्या पायाशी उकिडवा बसला होता. वैतागलेला. "ताई, याच्या घोट्यात काहीतरी खेळ आलाय," म्हणाला. "नट आवळले, मोटर बदलली. पाय हलतोच आहे."

"चालू असेल मग."

"बॅटरीची वायर काढून ठेवलीय बघा." त्यानं प्लग उचलून दाखवला.

मी बघितलं. रावांचं उजवं पाऊल जरा आत वळलेलं होतं. ते सावकाश वर यायचं, डाव्या पोटरीच्या नळीला लागायचं आणि घासत खाली जायचं. प्लास्टिकवर प्लास्टिक घासल्याचा बारीक आवाज येत होता. थोडं थांबून पुन्हा. मेकॅनिकनं ते धरून ठेवलं तर त्याच्या मुठीत ते चुळबुळत राहिलं.

"उरलेला करंट असेल," तो म्हणाला आणि डबा उचलून जेवायला गेला.

दालन रिकामं होतं. दुपारचा तो उजेड, वर कबुतरांच्या पायांचा आवाज. मी रावांच्या छातीखालच्या बॅटरीच्या पेटीवर हात ठेवला. पेटी गरम होती. जेवून झोपलेल्या मुलाचं पोट असतं तशी गरम. मी कधी न केलेली गोष्ट केली. रावांच्या कानाशी गेले, म्हणजे जिथं मायक्रोफोन बसवलाय तिथं, आणि अगदी हळू म्हटलं, "खारू?"

कानापाशी दिवा लागला.

वायर जमिनीवर पडलेली होती. मी तिच्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं. पाऊल घासायचं थांबलं होतं.

५

मोठ्या बाईंना फोन केला. त्यांच्याकडे कसलं तरी भांडं ढवळल्याचा आवाज येत होता. मी एका दमात सगळं सांगितलं, नवे दिवे, उलटा क्रम, गुदगुल्या. चमच्याचा आवाज थांबला.

"कुणाच्या मुलाला उभं केलं होतंस?"

"माझ्याच."

मग म्हणाल्या, "जेवते का?"

"दिलं की जेवते."

"झोपते?"

"झोप म्हटलं की झोपते. बाई, तुम्हाला माहीत होतं हे?"

"मला माहीत असतं तर मी त्या नोकरीत राहिले असते का गं?" त्यांचा आवाज थकलेला होता. "मला नुसता संशय होता. माझ्याही हातून एकदा झालं होतं, कुणाच्या तरी पोरावर. ते पोर शाळेबरोबर निघून गेलं. मी त्याचं नावही विचारलं नव्हतं."

मी म्हटलं, मग आता सरळ क्रमानं करून बघते. आधी खारू, मग राव. सगळं जागच्या जागी येईल.

"करू नकोस," त्या म्हणाल्या. "पोर डोळ्यांसमोर आहे ना? खाते, पिते. सांभाळ आहे तशी."

"आहे तशी म्हणजे कशी, बाई? हात वर केला तर हात वर राहतो तिचा."

"तरीही. आता केलंस तर तुझ्या हाताला काय लागेल, ते मला सांगता यायचं नाही."

मला रागच आला. काय लागेल म्हणजे? माझी पोर लागेल, दुसरं काय? तुमचं वय झालंय, असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं आणि फोन ठेवला.

६

शेवटची शाळा गेल्यावर मी खारूला चौथऱ्यावर उभी केली. नवऱ्यानं तिला आणून सोडलं होतं आणि तो पाळीवर गेला होता. जाताना एवढंच म्हणाला, "फोन कर हं. काहीही झालं तरी कर."

मेकॅनिकला म्हटलं, दादा, दिवे हातानं लावायचेत. त्यानं बटणांची पेटी माझ्या हातात दिली आणि तो बाकावर जाऊन बसला. मी वेडी झालेय असं त्याला वाटत असणार. पण मला तो ताई म्हणतो, म्हणून गप्प बसला.

मी सुरू केलं. कुणी ऐकायला नव्हतं, तरी तेच शब्द, तोच आवाज. खारूचं कोपर धरलं. "हे हाड." हात गार होता. मग बटण दाबलं. "आणि ही रावांची चौकट." हा दंड, आणि ती मोटर. छपरातून येणारा उजेड पिवळा होत चालला होता आणि आमच्या तिघांच्या सावल्या भिंतीवर एकमेकांत मिसळल्या होत्या. कुठली कुणाची कळत नव्हतं. ह्या नसा, त्या वायरी. मनगट धरलं तेव्हा मला वाटलं, बोटांखाली ऊब येतेय. ओरडायचं नाही, घाई करायची नाही, असं स्वतःला बजावत पुढं गेले. हे डोळे. तिच्या पापण्यांवरून बोट फिरवलं, आणि पापण्या फडफडल्या. तो कॅमेरा. हे कान. तो मायक्रोफोन. हे पोट, आणि त्यात खरंच गुडगुडलं. ती बॅटरी.

मग मी तिच्या काखेत बोटं घातली.

ती हसली. आधी नाकातून, मग तोंड उघडून, मग पोट धरून. चौथऱ्यावर वाकली, पडता पडता मला धरलं आणि हसतच राहिली. माझा जीव भांड्यात पडला. मी रडत होते, मेकॅनिक बाकावरून उठून हसत होता, त्यालाही कशाचं हसू येतंय ते ठाऊक नव्हतं. मी तिला कवटाळून खाली उतरवलं, तोंडभर पापे घेतले. वॉचमन दारात किल्ल्या वाजवत उभा होता. "चला ताई, उद्या परवा बंद आहे केंद्र. राहायचंय का इथंच?" मी हो म्हटलं, नाही म्हटलं, काय म्हटलं कुणास ठाऊक. तिचा हात धरून बाहेर पळाले.

रावांना गुदगुल्या करायच्या राहिल्या. त्यांच्याकडे मी बघितलंही नाही.

७

रस्त्यावर ऊन कलतं झालं होतं. ती माझा हात धरून उड्या मारत चालली होती. दुकानाच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. एक कुत्रं आळस देत होतं, त्याला बघून पुन्हा खिदळली. मी नवऱ्याला फोन लावला आणि फोन नुसता तिच्यासमोर धरला. त्या हसण्याचा आवाज त्यानं ऐकला. बेकरीतल्या सगळ्या गोंगाटातून मला त्याचा हुंदका ऐकू आला.

"घेऊन ये," तो म्हणाला. "लवकर घेऊन ये. मी निघतोच आहे."

"आणते," मी म्हणाले.

आमच्या घराकडं वळायचं तिथं चौक आहे. मी वळले. ती वळली नाही. थांबली, आणि माझ्या हातातून हात सोडवायला लागली. हिसका नव्हता त्यात. ओळख नसलेल्या मोठ्या माणसाच्या हातातून मूल आपला हात सोडवतं, तसा जपून.

"काकू," ती म्हणाली, "आता मी जाऊ का?"

मला वाटलं खेळ चाललाय. मी खाली वाकून बघितलं. चेहरा खारूचाच, भुवईवरचा पडल्याचा व्रण तिथंच. पण माझ्याकडे बघत होती ती दबून, नीट वागायचं असं घरून सांगून पाठवलेल्या मुलीसारखी.

"तुम्ही खूप चांगल्या आहात," ती म्हणाली. "पण आई वाट बघत असेल. मी शाळेबरोबर आले होते. बाकीची मुलं पुढं गेली."

"कुठं राहतेस, बाळा?" मी विचारलं. आवाज माझाच होता, कामावरचा.

तिनं चारी रस्त्यांकडे बघितलं. एकदा या बाजूला बोट केलं, मग त्या बाजूला. बोट खाली आलं आणि ओठ थरथरायला लागला. "माझ्या आईला बोलवा ना," म्हणाली, आणि रडायला लागली. खरंखुरं, ओलं, मोठ्यानं. मी उचलून घेतलं. दुसरं काय करणार? रडतं पोर होतं. तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली आणि आई, आई करत राहिली. ती हाक मला नव्हती. मोठ्या बाईंनी नाव न विचारलेलं ते पोर माझ्या कडेवर होतं.

"बोलावते हं," मी म्हणत होते, तिच्या पाठीवरून हात फिरवत. "बोलावते." तिच्या खांद्यावरून मागं केंद्राचं काचेचं छप्पर दिसत होतं. आतले दिवे विझले होते आणि वॉचमन कुलूप ओढून बघत होता. माझी खारूही तिथं आत्ता हेच म्हणत असेल. रावांना डोळे आहेत, कान आहेत, हात आहेत, पाय आहेत. तोंड मात्र कुणी बसवलेलं नाही.